काखेकडची चुणी

१

चौथी पोटली चांगुणाच्या पाटीत निघाली.

वेसाव्याच्या मासेवाल्या उरलेली मासळी घरी नेत नाहीत. संध्याकाळी सगळ्याजणी आपापल्या पाट्या सोसायटीच्या बर्फखान्यात ठेवतात, वर बर्फ पसरतात, त्यावर ओलं गोणपाट टाकतात आणि सकाळी सहाला दार उघडलं की पाटी उचलून बाजार गाठतात. चाळीस पाट्या एकसारख्या, म्हणून प्रत्येकीनं कडेला आपली चिंधी बांधलेली. कुणाची निळी, कुणाची काठाची, चांगुणाची पिवळी आणि तिच्यावर लाल ठिपके. कोळीवाड्यात माणूस एक वेळ नाव विसरेल, पण चिंधी विसरणार नाही.

त्या सकाळी चांगुणानं गोणपाट उचललं आणि अशी किंचाळली, की बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत टांगणाऱ्या बायकांच्या हातातले बोंबील खाली पडले. सुरमईच्या तुकड्यांवर पांढऱ्या कापडाची एक गोल पोटली बसवलेली होती. बाईच्या छातीच्या आकाराची. मधोमध कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका, आणि टाचणीनं टोचलेला पिवळ्या कापडाचा कपटा. त्यावर लाल ठिपके.

म्हणजे चुकून नव्हे. तिच्यासाठीच!

हे सगळं सुगंधा राणेला सात वाजता फोनवर कळलं. सुगंधा म्हणजे पार्ल्याच्या सिस्टर. कॅन्सरच्या वॉर्डात एकतीस वर्षं नोकरी, आणि त्यातली शेवटची काही वर्षं स्वतःची डावी छाती काढून टाकल्यानंतरची. आता निवृत्त. निवृत्त म्हणायला, घरात पाय ठरेल तर शपथ.

फोन श्रुतिकाचा होता. गेल्या महिन्यात कोळीवाड्यात स्तनाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर भरलं होतं, ते हिच्या संस्थेनं घेतलेलं, आणि संस्थेचं अडलं की फोन सुगंधाला.

"ताई, वाट लागली! चौथी पोटली सापडली. सगळ्या म्हणतायत शिबिरवाल्यांनी करणी केली. कोणी अंगाला हात लावून देणार नाही आता. आणि ताई..." श्रुतिकाचा आवाज बारीक झाला. "चांगुणा म्हणतेय, पोटली हातात धरली आणि तिच्यातली गाठ माझ्या अंगात आली."

"पोटलीत गाठ आहे?"

"चारहीमध्ये आहे."

सुगंधानं गॅस बंद केला, चहा तसाच ठेवला आणि रिक्षा पकडली.

२

बर्फखान्याचं दार जाड लाकडाचं होतं. गुणाजी नावाच्या रखवालदारानं ते दोन्ही हातांनी ओढलं तसा आतून पांढरा वाफारा आला आणि सुगंधाच्या पायांत घोटाळला. साठीचा, वाळका माणूस. बर्फ फोडणं, लाद्या भुशात पुरणं आणि फाटकी गोणपाटं शिवणं ही याची कामं. दाराशीच अर्धवट शिवलेलं गोणपाट पडलं होतं आणि त्यात दाभण खोचलेलं होतं.

"सांभाळून, बाई. लादी निसरडी असा," तो खाली बघत म्हणाला. मालवणी ऐकून सुगंधाला बरं वाटलं. हा आवाज आधी कुठेतरी ऐकलाय, असंही वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

आत दिवा एकच. बर्फ मधूनच कड्कन तडकायचा आणि श्रुतिका दर वेळी दचकायची. मधल्या लाकडी फळीवर चारही पोटल्या ओळीनं मांडल्या होत्या. घरी ठेवायला कोणी तयार नव्हतं ना! त्या अर्धवट उजेडात ते चार पांढरे गोल आणि चार लाल ठिपके इतके जिवंत दिसत होते, की श्रुतिका दारातच थांबली.

सुगंधानं पहिली उचलली. थंडगार. वॉर्डात शेवटची आंघोळ घालताना हाताला लागायची तसली थंडी. तिनं मन घट्ट केलं आणि बोटांची पेरं हलकेच गोलाकार फिरवत पोटली चाचपली, अगदी बाईला तपासावं तशी. वरच्या अंगाला, टणक, वाटाण्याएवढी. दुसरीत खाली. तिसरीत लाल ठिपक्याच्या अगदी जवळ. चौथीत वर, कडेला.

"प्रत्येकीत वेगळ्या जागी," ती पुटपुटली. मग तिनं चौथी उलटी केली आणि दिव्याखाली धरली.

कडेला, शिवणीत, एक छोटीशी चुणी होती.

ही चुणी जगात दुसरं कोणी घालत नाही. ऑपरेशननंतर विकतची छाती परवडत नाही, म्हणून सुगंधानं स्वतःसाठी कापडाची शिवली होती, आत कापूस आणि वजनाला मोहरी. ब्लाउजमध्ये ती सरकायची. मग तिनं काखेच्या बाजूला एक चुणी घातली आणि ती नीट बसली. तीच छाती या घडीला तिच्या पोलक्यात होती आणि फळीवर पडलेल्या चौघी तिच्या सख्ख्या बहिणी दिसत होत्या.

"ताई, काय झालं? तुम्ही पांढऱ्या पडलात."

"श्रुतिका," सुगंधा हळूच म्हणाली, "हे मी शिवलेलं नाही. पण शिवायला मीच शिकवलंय."

३

चांगुणा सोसायटीच्या हॉलमागच्या खोलीत बसली होती. पन्नाशीची दणकट बाई, पण गुडघे छातीशी घेऊन अशी बसली होती की निम्मी दिसत होती.

"शिस्टर बाय, मी कोनाचं वाईट नाय केलं. पोटली दाबली, आत टणक लागलं. म्हनून इथं हात लावला," तिनं उजव्या बाजूला, काखेजवळ बोट नेलं, "तर इथं पन तेच! कालपावेतो नव्हतं गो!"

"काल हात लावून बघितला होतास?"

चांगुणानं मान हलवली. आपल्याच छातीला हात लावायचा असतो हे तिला शिबिरात पहिल्यांदा कळलं होतं, आणि शिबिरानंतर ती ते विसरून गेली होती.

सुगंधानं दार लावलं, हात चोळून गरम केले आणि तिला तपासलं. उजवी बाजू. वर, काखेकडे. वाटाण्याएवढी गाठ.

तिनं पोटली मागवली. चुणी काखेकडे येईल अशी धरली, तर ती उजव्या बाजूचीच होती. आतली गाठ नेमकी त्याच जागी. सुगंधाच्या अंगावर सरसरून काटा आला, ती काही भित्री बाई नव्हे तरीसुद्धा. मग तिनं बाकीच्या तिघींनाही बोलावून घेतलं. एकीनं भगताकडून आणलेला दोरा गळ्यात बांधला होता, एकीनं चार दिवस अन्न सोडलं होतं. तिघींचंही तेच. डावी तर डावी, खाली तर खाली. बोटभरसुद्धा फरक नाही.

"ऐका गं बायांनो," ती म्हणाली, "पोटलीमुळे गाठ आलेली नाही. गाठ आधीपासून होती, म्हणून पोटली आली. कोणीतरी तुम्हाला कळवतंय."

"कोन?"

ते सुगंधालाही ठाऊक नव्हतं. ती श्रुतिकाकडे वळली. "शिबिरात डॉक्टरांनी कार्डं भरली होती ना?"

"हो ना. एकशे बारा. त्यावर दोन गोल छापलेले असतात, गाठ लागली की डॉक्टर तिथे फुली मारतात. आणि ताई, इथे सारख्या नावाच्या इतक्या बायका निघाल्या की मी एक आयडिया केली. प्रत्येकीच्या पाटीच्या चिंधीचा दोरा कार्डाला स्टेपल केला!" आयडियाचा अभिमान अजून तिच्या तोंडावर होता. मग ती सुगंधाच्या कानाशी आली. "पुढच्या तपासणीला बोलवायच्या होत्या पाचजणी. आमच्या कॉलेजच्या मुलींनी फोन केले. रजिस्टरमध्ये नुसतं लिहिलंय, पाच, कळवलं. नावं कार्डांवरच."

"या चौघींना कळवलं?"

चौघींनी माना हलवल्या. फोन? कसला फोन? त्यांच्याकडे फोनच नव्हते.

"मग नंबर कुणाचा दिला होता गं?"

"सोसायटीचा! सगळ्याच देतात. मासळीच्या आर्डरी तिथंच येतात नाय का?"

म्हणजे पाचही निरोप एकाच मोबाईलवर गेले होते आणि तिथेच राहिले होते. श्रुतिकाचा चेहरा उतरला. ती धावत सोसायटीच्या ऑफिसात गेली, किल्ली मागवून कार्डांचं कपाट उघडलं आणि पाठमोरी तशीच उभी राहिली.

"ताई, फाईल नाहीये."

सुगंधा मोजत होती ते वेगळंच. पाचजणींना बोलवायचं होतं. पोटल्या निघाल्या चार. एक महिना होऊन गेला होता, आणि या वाड्यात एक बाई अशी होती जिला आपल्या अंगातल्या गाठीचा पत्ताही नव्हता. गाठ काही कोणासाठी थांबत नाही.

४

सोसायटीचा मोबाईल सेक्रेटरी जयवंतकडे असे. तीस-बत्तीसचा, धडधाकट कोळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. आज मात्र तो भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कॅलेंडरशी बोलत होता.

"फोन आलेला. निरोप दिला मी."

"कोणाला?"

"बायकांना."

"चांगुणाला तूच सांगितलंस? समोर बसून? तुझ्या छातीत गाठ आहे म्हणून?"

जयवंतचे कान लाल झाले. "दिला म्हटलं ना निरोप!"

"मग कोणाकोणाचे निरोप होते, ती नावं सांग. आणि कपाटाची किल्ली कुठे असते?"

"घरी. देवघराजवळ टांगलेली असते. सिस्टर, आमच्या घरात लग्न आहे नऊ दिवसांवर. मला हजार कामं आहेत." आणि तो उठून गेलासुद्धा.

त्याच्या घरापुढे मांडवाचे बांबू पडले होते. ओट्यावर त्याची आई सोनूबाई सुपात कोलीम, बारीक जवळा, निवडत बसली होती. मासळीबाजारातली शेवटची हाक हिची. हिनं बाजार बंद म्हटलं की बंद, आणि हिच्या आवाजाला पोलीसही वचकून असायचे. गुडघे सुजलेले, नाकात मोठी नथनी, आणि नजर अशी की समोरच्यानं आपला गुन्हा आपणच आठवावा.

"देवीचा कोप हाय तो," ती मान वर न करता म्हणाली. "बायामानसांच्या अंगाला नको तिथं हात लावता. आता भोगा. शिबिर-बिबिर गुंडाळा नि जा."

"सोनूबाई, त्या बायका मरतील."

"कोन मरत नाय. लग्नसराई सरू दे, मंग बघू काय ते. त्या पाचजनींना मी बघून घेईन, तू नको काळजी करू."

तेवढ्यात सोनूबाईची मुलगी अबोली पाटी डोक्यावरून उतरवत आत आली. आईचे गुडघे धरल्यापासून बर्फखान्यातून पाटी काढून बाजारात पोचवणं तिच्याकडे होतं. सडपातळ पोर, नऊ दिवसांवर लग्न आलेलं, पण चेहऱ्यावर हळदीऐवजी जागरण. तिनं सुगंधाकडे एकदाच पाहिलं, इतकं रोखून की सुगंधाला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. पण ती पदर छातीशी आवळून आत निघून गेली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सुगंधा थबकली.

वलांडीवर जबड्यात जबडा अडकवलेले शेकडो बोंबील टांगले होते. वारा पडत आला होता, तरी ते हळूच हलत होते. त्यांच्याखाली उभं राहून सुगंधा मनाशी पुन्हापुन्हा तेच घोळवत होती. सारा कोळीवाडा चार पोटल्यांची गोष्ट करतोय. चार, चार, चार. मग सोनूबाई पाच कुठून म्हणाली?

५

दुपारी दोनला कोळीवाडा झोपतो. हॉलमागच्या खोलीत सुगंधानं कात्री घेतली आणि चांगुणाची पोटली उसवली.

"ताई, नका ना!" श्रुतिका मागे सरली.

आतून शिशाची गोळी पडली, जाळ्याला वजनासाठी लावतात ती. ती तर कोळीवाड्यात पोराटोरांच्या खिशातही सापडते. पण गोळीभोवती कापूस नव्हता, मोहरी नव्हती. भाताचा भुसा होता. ओलसर.

"बघ हं," सुगंधा म्हणाली. "पोटली ठेवणाऱ्यानं कोणाचं घर गाठलं नाही, पाटी गाठली. म्हणजे तो बायांना चिंधीवरून ओळखतो. कार्डावरची नावं इंग्रजीत, पण फुली कोणालाही कळते आणि दोराही कळतो. भुसा कुठला? जिथे बर्फ पुरतात तिथला. आणि टाके बघ. एवढे लांब, दणदणीत टाके पोलकं शिवणाऱ्या बाईचे नव्हेत. हे गोणपाट शिवणाऱ्या हाताचे."

"पण ताई, ती चुणी? ती तर तुम्ही बायकांना शिकवलीत ना?"

"चाळीसेक बायकांना," सुगंधा म्हणाली. आणि मग तिला तो आवाज आठवला. "अगो बाई! आणि एका बाप्याला."

गुणाजी भुशाच्या ढिगाऱ्यापाशी बसला होता. सुगंधानं पोटलीचं रिकामं कापड त्याच्या मांडीवर ठेवलं. तो ते नुसतं बघत राहिला.

"गुणाजी, ही चुणी कोणी शिकवली?"

"तुमीच, बाई. वॉर्डाच्या जिन्यार. आठ वरसां झाली."

बायको शेवंती. ऑपरेशननंतर तिचा उजवा हात सुजून खांबाएवढा झाला होता, सुई धरता येईना. म्हणून हा जिन्यावर येऊन बसला होता आणि चार बायकांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करून शिवायला शिकला होता. शेवंती त्यानंतर दोनच वर्षं जगली.

"तिका वरसभर गाठ होती," गुणाजी म्हणाला. "माका ठावक होती. ती सांगा नाय, नि मी इचारूक नाय. मी गप रवलंय, बाई." त्यानं मांडीवरच्या कापडाची घडी केली. "वीस दिसांमागे भुसो उपसताना तळाक पिशवी गावली. कार्डां. फुली बघितलंय तशी माका कळला. वाट बघितलंय, ह्या बाया खंय जातत काय दवाखान्यात. कोण जायना. मी बापयमाणूस. परक्या बायलेक मी छातीचा कसा सांगू? माका चपलेन मारतले नि नोकरीवरसून काढतले."

"म्हणून पोटल्या शिवल्यास?"

"हाताक लागला तर कळात, असा वाटला. त्या मेल्या भिऊन भगताकडे जातले, ह्या माझ्या डोक्यात इला नाय."

सुगंधाला हसावं की रडावं ते कळेना. या माणसानं जन्मात कोणाला पत्र लिहिलं नसेल, आणि लिहिलं ते असं. श्रुतिका तर रडतच होती.

"पिशवी कुणी पुरली?"

"मी बघूक नाय."

"बरं. पोटल्या किती शिवल्यास?"

"पाच." तो वर बघत म्हणाला. "पयली ठेवलंय तेका धा दिवस झाले. हिरव्या काठाच्या चिंधीच्या पाटीत. पण कोण बोंबलला नाय, बाई. माका वाटला, ती तरी गेली आसतली दवाखान्यात."

हिरव्या काठाची चिंधी सोनूबाईची होती.

६

संध्याकाळचं ऊन ओट्यावर तिरकं आलं होतं. सुगंधानं भुशानं माखलेली कार्डांची पिशवी सोनूबाईच्या पुढ्यात ठेवली. जयवंत दारात उभा होता. पिशवी बघितली आणि त्यानं मान खाली घातली.

"सोनूबाई, फोन जयवंतला आला. पण तो बायकांशी असलं बोलणार कसा? त्यानं ते एका बाईजवळ बोलून टाकलं. त्याच्या आईजवळ. किल्ली तुमच्याच देवघराजवळ असते. आणि बोलवायच्या पाचजणी होत्या हे आम्हा संस्थेच्या माणसांना ठाऊक, नाहीतर ज्यानं तो निरोप ऐकला त्याला. सकाळी तुम्ही पाच म्हणालात."

"आई म्हणाली, मी सांगते सगळ्यांना," जयवंत पुटपुटला. "मला वाटलं सांगितलं असेल."

सोनूबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं नाकारलं असतं तर सुगंधाला सोपं गेलं असतं. पण ती एकदम म्हातारी दिसायला लागली.

"पाचातलं एक नाव माझ्या पोरीचं व्हतं," ती म्हणाली. "कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. बाकीच्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी इचारलं असतं, पाचवी कोन? या वाड्यात एक तोंड उघडलं की शंभर उघडतात. आता नऊ दिवसांचाच परश्न व्हता गो. लगीन लागलं की दुसऱ्या दिवशी मी सोता घेऊन जानार व्हते तिला."

"आणि चांगुणाला? तिच्याबरोबर तीस वर्षं बाजारात बसलात."

सुगंधाला राग आला होता, डोकं तडतडेल इतका. पण राग काढायला वेळ नव्हता.

"पहिली पोटली तुमच्या पाटीत निघाली. तेव्हा तरी उठायचं होतं. लपवून ठेवलीत ना?"

"कसली पोटली?" सोनूबाईनं गोंधळून वर पाहिलं. "देवीशपथ, मना पोटली गावली नाय!"

ती खोटं बोलत नव्हती. एकतीस वर्षांत सुगंधानं माणसांचे चेहरे वाचले होते. मग पोटली गेली कुठे? आणि त्याच क्षणी तिला सकाळची ती पाटी आठवली, ती डोक्यावरून उतरवणारे हात आठवले, छातीशी आवळलेला पदर आठवला.

"माझ्याकडे आहे," आतून आवाज आला.

अबोली उंबऱ्यात उभी होती. लग्नाच्या शालूची घडी तिच्या हातात होती. तिनं ती उलगडली आणि आतली पोटली आईच्या मांडीवर ठेवली. पांढरी, लाल ठिपक्याची, हिरवा काठ टोचलेली.

"शिबिरात डॉक्टरीण बाईंना गाठ मीच दाखवली होती. फोन घरी आला तर तुला कळेल, म्हणून सोसायटीचा नंबर दिला. दादा असलं तुझ्याशी बोलणार नाही, मलाच सांगेल, असं वाटलं. फोन आला नाही. वाटलं, सुटले. मग पाटीत ही निघाली. मी दाबून बघितली आणि मला कळलं, आई."

"तू बोलली का नाय?"

"तुला कळलं तर तू हाय खाशील. नऊ दिवसांनी गेले असते ना गुपचूप."

दहा रात्री त्या दोघी एका चटईवर झोपल्या होत्या. एकमेकींना वाचवत. एकीनं कार्डं भुशात पुरली होती आणि दुसरीनं पोटली शालूत. सोनूबाईनं ती पोटली उचलली, अंगठ्यानं चाचपली आणि गोळी लागताच तिच्या तोंडून असा हुंदका फुटला, की मांडवाचे बांबू रचणारी माणसं थांबून बघायला लागली.

सुगंधानं त्यांच्याकडे पाठ केली. पोलक्यात हात घालून आपली कापडाची छाती काढली आणि सोनूबाईच्या दुसऱ्या हातात ठेवली.

"हीसुद्धा तशीच. फरक इतकाच की हिच्यात गोळी नाही. अकरा वर्षं झाली. गाठ लहान असताना गेले होते, म्हणून आज तुमच्याशी भांडायला उभी आहे. अबोलीची अजून लहान आहे. नऊ दिवस थांबायचं नाही. उद्या निघायचं."

"वाड्यात कळंल," सोनूबाई रडत म्हणाली. "पाचजनी निघाल्या की समद्यांना कळंल."

मग तिनं एकाएकी डोळे पुसले. आणि बाजारातली सोनूबाई तिच्यात परत आली.

"पाच निघाल्या तर कळंल," ती म्हणाली. "चाळीस निघाल्या तर?"

७

दुसऱ्या दिवशी वेसाव्याचा मासळीबाजार बंद होता. ना होळी, ना नारळी पुनव. अंधेरीतल्या गिऱ्हाइकांनी रिकाम्या ओट्यांकडे बघून तर्क लढवले ते सगळे चुकीचे होते.

चाळीस कोळणी एका बसमधून इस्पितळात उतरल्या, नथन्या, गजरे आणि आवाजासकट. निघण्याआधी सोनूबाई सगळ्यांसमोर चांगुणाच्या पायांशी वाकली होती. चांगुणानं तिला उठवलं नव्हतं, पण बसमध्ये शेजारी जागा मात्र ठेवली होती. गुणाजी बर्फखान्याच्या दाराशी उभा राहून बघत होता. चांगुणानं खिडकीतून त्याच्याकडे बघून हात जोडले. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो दाभण घेऊन गोणपाट शिवायला बसला.

इस्पितळात नावांचा घोटाळा नको म्हणून श्रुतिकानं प्रत्येकीला आपली चिंधी मनगटाला बांधायला सांगितली होती. सोनूबाईच्या घरची पाटी एकच, चिंधीही एकच. तिनं हिरव्या काठाची ती चिंधी दातात धरून उभी फाडली. अर्धी अबोलीच्या मनगटाला बांधली, अर्धी स्वतःच्या.

"तुझ्या नवऱ्यामुलाला, यज्ञेशला, सांगितलंस?" बाकावर सुगंधानं अबोलीला हळूच विचारलं.

"रात्री फोन केला. म्हणाला, किती वाजता पोचायचंय?" तिनं फाटकाकडे बोट केलं. तिथे एक तरुण हेल्मेट हातात धरून उभा होता. आत यायचं धाडस होत नव्हतं, आणि जातही नव्हता.

आतून अबोलीचं नाव पुकारलं. अबोली उठली तशी सोनूबाईही उठली, सुजलेल्या गुडघ्यांवर हात टेकत.

"आजी, एका वेळी एकच पेशंट," दारातली नर्स म्हणाली. "तुमचं नाव वेगळं पुकारतील."

सोनूबाईनं मनगट पुढे केलं. मग लेकीचं मनगट धरून त्याच्या शेजारी ठेवलं.

"आमची पाटी एकच हाय, बाय," ती म्हणाली, आणि दोघी आत गेल्या.